रासायनी चिकित्सा, कर्करोगावरील

कर्करोगाच्या कोशिकांचा (पेशींचा) नाश करणारी किंवा त्यांचे विभाजन थांबविणारी औषधे देऊन त्या रोगावर केल्या जाणाऱ्या उपचारास रासायनी चिकित्सा म्हणतात. व्यवहारात ती ‘केमोथेरपी’ किंवा नुसती ‘केमो’ या नावाने परिचित आहे. शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सा (किरणोपचार) हे कर्करोगावरील अन्य दोन प्रमुख उपचार स्थानिक स्वरूपाचे आहेत; ज्या भागावर ते केले जातात तेथेच त्यांचा परिणाम होतो. रासायनी चिकित्सेतील औषध मात्र रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते. त्यामुळे मूळ अर्बुदापासून (गाठीपासून) सुटून यकृत, फुप्फुस, अस्थी इ. ठिकाणी गेलेल्या कोशिकांवर, तसेच रक्त व लसीका ग्रंथी यांच्या कर्करोगांवर ती उपयुक्त ठरते. याच कारणाने तिचे दुष्परिणामही सर्व शरीरावर होतात.

ही चिकित्सा चार हेतूंनी केली जाते : (१) रोगाचे संपूर्ण निर्मूलन करण्यासाठी, उदा., बालकांतील तीव्र श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग) व वृषणाचा कर्करोग. (२) शस्त्रक्रियेनंतर न दिसणाऱ्या उर्वरित कोशिका नष्ट करण्यासाठी, उदा., स्तनाचा कर्करोग. (३) शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान करण्यासाठी किंवा प्रारण चिकित्सेचा प्रभाव वाढविण्यासाठी. (४) रोग बरा होण्याजोगा नसेल तेव्हा वेदना कमी करण्यासाठी व आयुष्य वाढविण्यासाठी. आपल्या रुग्णावर यांपैकी कोणत्या हेतूने उपचार होत आहेत हे नातेवाइकांनी प्रारंभीच वैद्यास विचारून घेणे इष्ट असते. कारण उपचाराचा कालावधी, खर्च व अपेक्षा यांचा सर्व हिशेब त्यावर अवलंबून असतो.

औषध कोणते दिले यास जितके महत्त्व आहे तितकेच ते किती मात्रेत, किती अंतराने व किती वेळा दिले यासही आहे. अर्धवट सोडलेली चिकित्सा बहुधा अर्धाही लाभ देत नाही. मोठ्या कर्करोग रुग्णालयांपासून दूर असलेल्या अमरावती, अकोला यांसारख्या जिल्ह्यांतील रुग्णांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

इतिहास : रासायनिक द्रव्यांनी रोगावर उपचार करण्याच्या पद्धतीस जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी हे नाव दिले. १९१० मध्ये प्रचारात आलेले त्यांचे उपदंशावरील साल्व्हर्सान हे औषध या पद्धतीचे आद्य उदाहरण होय. कर्करोगाच्या बाबतीत प्रारंभ झाला तो युद्धातील विषारी द्रव्यापासून. मस्टर्ड वायूच्या संपर्काने अस्थिमज्जा (हाडांतील रक्तोत्पादक मगज) व लसीका ग्रंथी यांतील कोशिका नाश पावतात, असे पहिल्या महायुद्धानंतर आढळले होते. त्यावरून १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात आल्फ्रेड गिलमन व लुई गुडमन यांनी त्याच जातीचे नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य लसीकार्बुदाच्या रुग्णावर वापरून पाहिले. गाठी झपाट्याने विरल्या, पण काही आठवड्यांत पुन्हा वाढल्या. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे निष्कर्ष १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या प्रवाहाचा उगम काही अंशी मुंबईत आहे. ल्युसी विल्स या इंग्रज महिला वैद्यांनी १९२८ पासून मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांना गर्भारपणी होणाऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कातील एका घटकाने तो बरा होतो असे १९३१ मध्ये दाखवून दिले. हा घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अम्ल होय. कोशिकेला नवीन डीएनए तयार करण्यास ते आवश्यक असते. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली फॉलिक अम्लाचे व नंतर त्याच्या विरोधकांचे संश्लेषण झाले. त्यांपैकी ॲमिनोप्टेरीन हे द्रव्य बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी श्वेतकोशिकार्बुद झालेल्या १६ बालकांना दिले. त्यांपैकी १० बालकांत रोगाची लक्षणे काही काळ मागे हटली. हा वृत्तांत १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. याच गटातील मेथोट्रेक्झेटने गर्भवेष्टनाच्या एका कर्करोगाचे पूर्ण निर्मूलन होते, असे १९५६ च्या सुमारास मिन च्यू ली व रॉय हर्ट्‌झ यांनी सिद्ध केले. पसरलेला कर्करोग केवळ औषधांनी बरा होऊ शकतो याचा तो पहिला पुरावा होय.

त्यानंतर १९५७ मध्ये फ्ल्युओरोयुरॅसील, १९६० च्या दशकात व्हिंक्रिस्टीन आणि १९७० च्या दशकात डॉक्सोरुबिसीन व सिस्प्लॅटीन ही औषधे प्रचारात आली. एका औषधाऐवजी भिन्न रीतीने कार्य करणारी तीन-चार औषधे एकत्र दिल्यास कोशिकांना प्रतिकार करणे कठीण जाते, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. तेव्हापासून संयुक्त चिकित्सा रूढ झाली.

क्रियेचे तत्त्व : निरोगी शरीरात कोशिकांचे विभाजन गरजेपुरते होते, कर्करोगाच्या कोशिका हे नियंत्रण झुगारून विभागत राहतात. विभाजनापूर्वी कोशिकेला आपल्या डीएनएची प्रत तयार करावी लागते व नंतर गुणसूत्रांची समान वाटणी करावी लागते. बहुतेक औषधे याच दोन अवस्थांत आघात करतात. विश्रांतीत असलेल्या कोशिका त्यांच्या तडाख्यातून पुष्कळदा सुटतात व पुढे विभाजन सुरू करतात. म्हणून औषध पुनःपुन्हा द्यावे लागते.

औषधाची एक मात्रा कोशिकांची ठराविक संख्या नव्हे, तर त्यांचा ठराविक हिस्सा नष्ट करते, हा नियम हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांनी दाखविला. सुमारे १ सेंमी. व्यासाच्या गाठीत स्थूलमानाने १०० कोटी कोशिका असतात. एका आवर्तनाने (औषध देणे व त्यानंतरची विश्रांती मिळून होणाऱ्या एका फेरीने) त्यांपैकी ९९ टक्के नष्ट झाल्या असे मानले, तर १ कोटी उरतात. दुसऱ्याने १ लाख, तिसऱ्याने १,००० व चौथ्याने १०. प्रत्यक्षात हे प्रमाण इतके नियमित नसते आणि दोन आवर्तनांच्या मधल्या काळात काही कोशिका पुन्हा वाढतात. तथापि या उदाहरणावरून एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या आवर्तनानंतर गाठ हाताला लागेनाशी होते, दुखणे थांबते, अन्न जाऊ लागते आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटते. पण त्या वेळी शरीरात लक्षावधी कोशिका शिल्लक असू शकतात. येथे उपचार थांबविल्यास त्यांतूनच रोग पुन्हा उभा राहतो, आणि उरलेल्या कोशिका पहिल्या औषधास दाद न देणाऱ्या असण्याचा संभव अधिक असतो.

औषधांचे प्रकार : (१) अल्किलीकारक द्रव्ये : ही डीएनएच्या धाग्यांशी बद्ध होऊन त्यांना एकमेकांत अडकवितात, उदा., सायक्लोफॉस्फामाइड. प्लॅटिनमयुक्त सिस्प्लॅटीनची क्रिया याच धर्तीची असते. (२) चयापचयरोधक : कोशिकेला लागणाऱ्या द्रव्यांशी साम्य असल्याने ही त्यांची जागा घेतात व पुढील क्रिया बंद पाडतात, उदा., मेथोट्रेक्झेट, फ्ल्युओरोयुरॅसील. (३) कर्करोगविरोधी प्रतिजैवे : ही सूक्ष्मजीवांपासून मिळतात, उदा., डॉक्सोरुबिसीन. (४) वनस्पतिज द्रव्ये : व्हिंक्रिस्टीन व व्हिंब्लास्टीन ही सदाफुलीपासून, पॅक्लिटॅक्सेल हे यू वृक्षापासून मिळाले. इरिनोटेकान व टोपोटेकान ही ज्या कॅम्प्टोथेसीनपासून बनवितात ते द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडात आढळते. (५) हॉर्मोनरोधक, विशिष्ट प्रथिनावर नेम धरणारी इमॅटिनिबसारखी (२००१) औषधे व प्रतिरक्षा चिकित्सा : ही रूढ अर्थाने रासायनी चिकित्सेत मोडत नाहीत, परंतु तिच्या जोडीने वा ऐवजी वापरली जातात.

सदाफुली वऱ्हाडातील घरोघरच्या अंगणांत आढळते. त्यामुळे तिची पाने चावून खाणे किंवा काढा घेणे म्हणजेच केमोथेरपी, असा समज काही ठिकाणी आहे. शेकडो किलोग्रॅम सुक्या पानांतून व्हिंक्रिस्टीन जेमतेम एखादा ग्रॅम मिळते आणि रुग्णास एका वेळी २ मिग्रॅ. पेक्षा अधिक सहसा देत नाहीत. पानांत याखेरीज अनेक अल्कलॉइडे असून त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. औषधाची मात्रा मोजता येत नसेल तर ते औषध राहत नाही. म्हणून असा काढा चिकित्सेची जागा घेऊ शकत नाही आणि तो अपायकारकही ठरू शकतो.

मात्रा व आवर्तने : मात्रा सामान्यतः शरीराच्या पृष्ठफळावरून ठरवितात. सेंमी. मधील उंची व किग्रॅ. मधील वजन यांच्या गुणाकारास ३,६०० ने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढले असता पृष्ठफळ चौ. मी. मध्ये मिळते. उंची १६० सेंमी. व वजन ५० किग्रॅ. असल्यास ते सु. १·४९ चौ. मी. भरते आणि दर चौ. मी. ला १०० मिग्रॅ. या प्रमाणात सिस्प्लॅटीनची मात्रा सु. १५० मिग्रॅ. येते. वजन घटल्यास, तसेच वृक्क (मूत्रपिंड) व यकृत यांचे कार्य मंदावल्यास मात्रा बदलावी लागते. म्हणून प्रत्येक आवर्तनापूर्वी वजन व रक्ततपासणी आवश्यक असते.

अस्थिमज्जेस सावरण्यासाठी बहुधा तीन आठवडे लागतात, म्हणून अनेक औषधे २१ दिवसांनी देतात. हे अंतर विनाकारण वाढविल्यास कर्करोगाच्या कोशिकांना वाढण्यास अवसर मिळतो. कमी केल्यास रुग्णाच्या जिवास धोका संभवतो. मात्रेचे महत्त्व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका अभ्यासावरून स्पष्ट होते. व्हनिता नरोन्हा, कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर, ज्यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया झालेली होती, प्रारण चिकित्सेबरोबर सिस्प्लॅटीनच्या दोन पद्धतींची तुलना केली. दर तीन आठवड्यांनी चौ. मी. ला १०० मिग्रॅ. घेणाऱ्यांपैकी ७३·१ टक्के, तर दर आठवड्यास ३० मिग्रॅ. घेणाऱ्यांपैकी ५८·५ टक्के रुग्णांत दोन वर्षांनी रोग त्या भागात आटोक्यात होता. पहिल्या पद्धतीत तीव्र दुष्परिणाम मात्र अधिक होते. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुष्परिणाम व दक्षता : अस्थिमज्जा, तोंड व आतडे यांची श्लेष्मकला (आतील बुळबुळीत अस्तर) आणि केसांची मुळे येथील कोशिकाही झपाट्याने विभागत असल्याने औषधाचा आघात त्यांवर होतो. त्यामुळे रक्तातील कोशिका घटणे, तोंड येणे, जुलाब व केस गळणे हे परिणाम दिसतात. ते बहुतांशी तात्पुरते असतात. केस उपचार संपल्यावर पुन्हा येतात. मळमळ व उलटी यांवर १९९० च्या दशकापासून ऑन्डान्सेट्रॉन व त्यासारखी प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. पूर्वीच्या पिढीतील रुग्णांच्या यातना पाहून उपचार नाकारणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. काही परिणाम त्या त्या औषधाशी निगडित असतात : सिस्प्लॅटीनने वृक्क व श्रवणशक्ती, डॉक्सोरुबिसीनने हृदय आणि व्हिंक्रिस्टीनने तंत्रिका (नसा) यांस इजा होऊ शकते. काही औषधे नीलेबाहेर झिरपल्यास तेथील ऊतक (समान कोशिकांचा समूह) मरते. म्हणून सलाईन चालू असताना जागी आग होत असल्यास ताबडतोब सांगावे.

सर्वांत गंभीर धोका संसर्गाचा असतो. औषध दिल्यानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत श्वेत कोशिका सर्वांत कमी होतात. या काळात १००·४° फॅ. (३८° से.) किंवा अधिक ताप आल्यास तो साधा ताप समजू नये. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहण्यात काही तासांतच प्राण जाऊ शकतो. रुग्णास त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात नेऊन उपचाराचे कार्ड दाखवावे व केमोथेरपी चालू असल्याचे प्रथम सांगावे.

सिस्प्लॅटीन घेतलेल्या रुग्णाने पुरेसे पाणी पिणे अत्यावश्यक असते. अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. अशा दिवसांत उलट्या वा जुलाब होत असतील तर शरीरातील पाणी झपाट्याने घटून वृक्कांस इजा होते. म्हणून लघवीचे प्रमाण कमी झाल्यास वैद्यास कळविण्यात विलंब करू नये.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीय कर्करोग संशोधनाचा पाया घातला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर कोशिका वाढवून त्यांचा अभ्यास करण्याची सोय त्यामुळे झाली. १९८३ मध्ये सुरेश अडवाणी यांनी टाटा स्मारक रुग्णालयात अस्थिमज्जा प्रतिरोपण यशस्वी केले. याच दशकात तेथे, तसेच चेन्नई व दिल्ली येथे, बालकांतील श्वेतकोशिकार्बुदासाठी ‘एमसीपी-८४१’ ही एकसारखी उपचारयोजना अवलंबिण्यात आली. पूर्वी पाचांपैकी जेमतेम एक बालक बरे होत असे. या योजनेने हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. ही योजना दोन वर्षांहून अधिक काळ चालणारी होती आणि ती मधेच सोडून जाणारी बालके हे अपयशाचे एक मोठे कारण होते.

वऱ्हाडातील स्थिती : वऱ्हाडात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांचा समावेश होतो. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास खाल्ला जातो. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी खर्ऱ्याची सवय सुटलेली नाही. शेजारच्या नागपूर शहराच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आढळतो. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊतक साचून जबडा उघडेनासा होतो. असा रुग्ण उपचारास येतो तेव्हाच कुपोषित असतो आणि त्यास रासायनी चिकित्सा सोसणे जड जाते. म्हणून नळीने वा पातळ आहाराने त्याचे पोषण सुधारणे हाही उपचाराचाच भाग होय.

अमरावतीपासून नागपूर सु. १५० किमी., तर अकोल्यापासून सु. २५० किमी. आहे, अकोल्यापासून मुंबई रेल्वेने सु. ५८० किमी. पडते. सहा आवर्तनांसाठी तेवढ्याच वेळा जाणे-येणे, सोबतच्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी व परगावी राहण्याचा प्रश्न यांमुळे कित्येकदा तारीख चुकते. पेरणी, सोयाबीनची काढणी वा कापसाची वेचणी यांच्या दिवसांत ‘एवढे काम उरकून जाऊ’ असा विचार सहज केला जातो. २१ दिवसांचे अंतर तेव्हा ४० दिवसांवर जाते.

ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले आहेत. पहिली, उपचार रुग्णाजवळ नेण्याची. राज्य शासनाच्या आरोग्य विमा योजनेचा पहिला टप्पा २०१२ मध्ये सुरू झाला. त्यात अमरावती जिल्हा होता. पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ती चालू राहिली व तीत रासायनी चिकित्सेचा अंतर्भाव आहे. २०१८ मध्ये काही जिल्हा रुग्णालयांतून विनामूल्य रासायनी चिकित्सा देण्याची योजना शासनाने जाहीर केली. निवडलेल्या जिल्ह्यांत अमरावती व अकोला होते. पहिले आवर्तन मोठ्या रुग्णालयात घेऊन पुढील आवर्तने जिल्ह्याच्या ठिकाणी घेणे त्यामुळे शक्य होते.

दुसरी दिशा औषधाचे स्वरूप बदलण्याची होय. तोंडाचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला असेल तर मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा व सेलेकॉक्सिब रोज दोनदा, अशा अल्प मात्रेतील गोळ्या देण्याची पद्धत टाटा स्मारक रुग्णालयात अभ्यासिली गेली. विजय पाटील व सहकाऱ्यांनी ४२२ रुग्णांवर केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७·५ महिने, तर नीलेतून सिस्प्लॅटीन घेणाऱ्यांचे ६·१ महिने आढळले; तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. या उपचाराने रोग बरा होत नाही. परंतु उरलेला काळ प्रवासात न जाता घरी जातो. येथे एक दक्षता अत्यंत महत्त्वाची आहे. मेथोट्रेक्झेट आठवड्याच्या ठरलेल्या एकाच वारी घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो. म्हणून तो वार घरातील जबाबदार व्यक्तीने लिहून ठेवावा.

दूरच्या रुग्णास उपचार पुरा करता यावा यासाठी निवाऱ्याची गरज असते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादर येथे १९८४ मध्ये उभारलेल्या धर्मशाळेत टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे परगावचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक अल्प खर्चात राहतात. याच जिल्ह्यातील मोझरी ही कर्मभूमी असलेले तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगाने निवर्तले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव दिलेले आहे. रासायनी चिकित्सेत ठरलेली तारीख पाळणे हाच उपचाराचा अर्धा भाग असल्याने परगावी मिळणारा निवारा, प्रवासाची सोय व सोबतीला येणारे माणूस यांची गणना औषधाबरोबरच करावी लागते.